माझी काळी पाच उशिरा बोलते

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, दागिन्यांची तर नव्हेच नव्हे, भजनाची पेटी. शाळेच्या पुस्तकात मला हार्मोनियम म्हणतात, पण आमच्या चिंचपोकळीच्या नाईक चाळीत त्या नावाने विचारलंत तर कुणी ओळख देणार नाही. पन्नास वर्षं मी दुसऱ्याच्या मागे वाजत आले. गाणार बुवा, हार बुवांना, 'वा वा' बुवांना, आणि मी आपली खाली सतरंजीवर. आज मात्र मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. भाता भरून घेतलाय, आता मध्येच उठू नका.

माझ्या कपाळावर हा काळा-पांढरा चौकोनी कागद चिकटवलाय ना, तो बघून हसू नका. देवाचा अंगारा नाही तो. माझं बाईचं कपाळ, पण कुंकवाऐवजी हे! तो कुणी लावला आणि का लावला, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म गिरगावातला. एका बोळात बाबुरावांचा कारखाना होता. कारखाना कसला हो, दोघं आत बसले की तिसऱ्याने दारात उभं राहायचं, एवढी जागा. सागवानाच्या फळ्यांचं माझं अंग, गुजरातेतून आलेले पितळेचे सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पातळ जिभा, आणि पुठ्ठा-चामड्याचा भाता. एकेक सूर बाबुराव कानशीने किंचित घासायचे, कानाशी धरायचे, मान हलवून पुन्हा घासायचे. माणूस मुलखाचा अबोल. मी पहिल्यांदा सूर दिला तेव्हा ते इतकंच म्हणाले, "आहे गळा पोरीला." त्या तीन शब्दांवर मी अजून जगते आहे.

मला न्यायला नाईक चाळीतून भजनी मंडळाची माणसं आली. सगळी कोकणातली, सगळी गिरणीतली. त्यात चोवीस वर्षांचा एक उंच पोरगा होता, कोंडीराम घाडी. विणकाम खात्यात कामाला. बसमध्ये त्याने मला जी मांडीवर घेतली ती चिंचपोकळी येईपर्यंत खाली ठेवली नाही. कंडक्टरने विचारलं, "काय आहे रे हे?" तर म्हणतो कसा, "चाळीची नवी सून आसा. संभाळून न्हेतंय." तोच कोंडीराम पुढे सगळ्यांचा अप्पा झाला आणि मी त्याची झाले, मंडळाची फक्त कागदोपत्री.

अप्पा वाजवायचे आणि शामराव बुवा गायचे. दोघं एका गावचे, एका वयाचे, रोज भांडणारे. बुवांची पट्टी काळी दोन. म्हणजे काय, ते सोपं आहे. माझ्या प्रत्येक सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात, त्यांतली दुसरी बुवांचा षड्ज. तिथून मोजलं की त्यांचा पंचम बरोबर पाचव्या काळीवर येतो. काळी पाच. बुवा गाताना येता-जाता त्या पंचमावर टेकायचे. तेवढी एक पट्टी लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

एकदा परळला डबलबारीचा सामना होता. दोन बुवा समोरासमोर, एकमेकांना चिमटे काढत भजनं म्हणणार आणि माणसं तोबा गर्दी करणार. सामना आम्ही मारला. त्या आनंदात जिना उतरताना कुणाचा तरी पाय घसरला आणि मी सात पायऱ्या गडगडत खाली गेले. आई गं! फळीला चीर गेली आणि काळी पाचचा सूर तुटला.

बाबुरावांनी मला पुन्हा उघडलं. तेव्हा ते म्हातारे झाले होते. त्या मापाचा सूर त्यांच्याकडे नव्हता, म्हणून जरा जाड पितळेचा बसवला. अप्पांना म्हणाले, "कोंडीराम, हा सूर आळशी आहे. हाक मारलीस की क्षणभराने ओ देईल. बोट थोडं आधी टाकत जा. नाहीतर ठेवून जा, दुसरा मागवतो."

"नको, नको. दोन म्हयने पेटीशिवाय कोण ऱ्हवतलो?" अप्पा म्हणाले, "टाकीन आधी."

आणि टाकलं. आठ दिवसांत त्यांच्या बोटाला सवय झाली. काळी पाच आली की बोट डोळ्याची पापणी लवेल एवढं आधी पडायचं आणि सूर ठेक्यावर बरोब्बर यायचा. महिन्याभरात बोटाने ते कायमचं उचललं आणि अप्पा स्वतः विसरून गेले. मी विसरले नाही. दुखणं माझं होतं ना!

अप्पांचा मुलगा सिद्धांत. दहा वर्षांचा झाला तसा त्याला अप्पांनी माझ्यासमोर बसवलं. पोराचा हात गोड होता, खरं सांगते. पण काळी पाच आली की सूर मागे राहायचा. राहणारच! त्याचं बोट वेळेवर पडायचं, मी उशिरा बोलायचे.

"परत! मागे पडलंस. परत!" अप्पा ओरडायचे.

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "अप्पा, मी बरोबर दाबतोय. ही पट्टीच उशिरा वाजते."

अप्पांचा हात उठला. बोटांवर फाडकन बसली. "नाचूक येयना, आंगण वाकडा!"

देवाशपथ सांगते, त्या दिवशी आंगणच वाकडं होतं हो. पोराची काही चूक नव्हती. मी ओरडून सांगितलं असतं, पण भाता दाबल्याशिवाय मला आवाज नाही. सिद्धांत उठला, हात शर्टाला पुसले आणि गॅलरीत गेला. त्यानंतर चौतीस वर्षांत त्याने माझ्यावर एक बोट ठेवलं नाही. अप्पांनीही पुढे कुणाला शिकवलं नाही. म्हणायचे, "माझ्या हाताखाली पोर टिकणा नाय." दोघं एका घरात राहिले, एका ताटात माशाचे तुकडे वाटून जेवले, पण माझा विषय कधी निघाला नाही.

सिद्धांत मोठा झाला, शिकला आणि लोअर परळच्या एका कंपनीत गेम बनवायला लागला. गिरणी होती तिथेच आता काचेची इमारत आहे म्हणे, आणि बाप जिथे माग चालवायचा तिथे लेक खेळ चालवतो. प्राचीशी लग्न झालं. ती दादरला बँकेत आहे. मग उर्वी झाली. ही उर्वी म्हणजे बोलायची फॅक्टरी! अकरा वर्षांची असताना एक दिवस माझं झाकण उघडून म्हणाली, "अप्पा, मला शिकवा ना."

अप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि पेपर उघडला. तो उलटा होता, पण त्यांनी तो तसाच वाचला.

सिद्धांतने ते पाहिलं. त्याने काय केलं माहीत आहे? मे महिन्यात सुट्टी काढून माझ्या डोक्यावर एक कॅमेरा टांगला आणि म्हणाला, "अप्पा, तुमची पाच भजनं वाजवून द्या. बुवा गातील. मी फक्त तुमचे हात शूट करणार."

फक्त हात दिसणार होते, तरी अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले आणि नखं कापली. तासभर वाजवलं. कधी नव्हे ते उठताना मुलाच्या खांद्याला धरून उठले.

मग तो खेळ तयार झाला. एक चष्मा आहे, जाडजूड, कानांपर्यंत येणारा. माझ्या कपाळावरचा हा कागद बघून त्या चष्म्याला कळतं की मी कुठे आहे. चष्मा घातला की म्हणे माझ्या पट्ट्यांवर रंगीत थेंब पडताना दिसतात. थेंब पट्टीवर टेकला की बोट दाबायचं. आणि एक हिरवा हात दिसतो, तो आधी वाजवून दाखवतो. तो हात अप्पांचा. नखं कापलेला. बोट वेळेवर पडलं की चांदण्या मिळतात, तीन चांदण्यांना पुढचं भजन उघडतं. मला यातलं काही दिसत नाही. मला माणसाचं बोट तेवढं कळतं. त्या हिरव्या हाताला वजनच नाही.

एक गोष्ट मात्र मला कळली होती, कारण ती माझ्या शेजारीच घडली. सिद्धांत माझ्यावर लॅपटॉप ठेवून काम करायचा. (हो, माझ्यावर! पेटीवर पाय ठेवत नाहीत, पण लॅपटॉप चालतो.) एका दुपारी प्राची चहा घेऊन आली तर हा कपाळाला हात लावून बसलेला.

"काय झालं?"

"अगं, अप्पांचं वय झालं. ही काळी पट्टी बघ, दर वेळी घाई करतात. आणि ओळ संपली की इथे थांबतात, कधी जास्त, कधी कमी. ठेका धरवत नाही त्यांना आता."

"मग?"

"मग काय, सरळ करतो सगळं. कॉम्प्युटरवर चुटकीसरशी होतं. उद्या चार लोक बघतील, अप्पांना कुणी हसायला नको. तू बोलू नकोस त्यांना."

मायेपोटी केलं हो त्याने. बापाची लाज झाकायला. पण जी चूकच नव्हती ती त्याने पुसली; लहानपणी आपण त्या पट्टीबद्दल काय म्हणालो होतो, ते त्या रट्ट्याबरोबरच विसरला होता. मी तिथेच होते आणि मला 'हूं' करता आलं नाही.

श्रावणात अप्पांना झटका आला. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला तो पडलाच. तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आणलं. उजवा हात आणि पाय गेले होते, वाचाही गेली होती. 'हां' आणि 'नाय', एवढीच शिल्लक. कधीकधी तेही उलटसुलट. त्यांची खाट खिडकीशी लावली आणि मला खाटेखाली सरकवलं.

मंडळ तिथूनच मोडकळीला आलं. दादरहून एक पेटीवाला आणला होता, तो बुवांच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवून तानांचा पाऊस पाडून गेला. शामराव बुवा अप्पांच्या खाटेशी येऊन बसले. त्यांनाही आता दम लागतो. म्हणाले, "कोंडीराम, माका आता नव्या माणसाबरोबर जमणा नाय. औंदाची दत्तजयंती झाली की मंडळ बंद करूया. टाळ देवळात ठेवू. पेटी कुठल्या शाळेक देऊ."

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बोलता येत नाही त्या माणसाचं रडणं बघवत नाही.

"मी वाजवेन," उर्वी म्हणाली. दारात उभी होती, दप्तर पाठीवरच.

"तू गो?"

"अप्पा बरे होईपर्यंत मी वाजवते. बुवाआजोबा, दत्तजयंतीला मला एक चान्स द्या. नाही जमलं तर करा बंद. दोन महिने आहेत ना? बाबांचा गेम आहे माझ्याकडे."

बुवा हसले, पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी मान डोलावली. ठरलं. पोरीला जमलं तर मंडळ राहील आणि अप्पांची जागा राहील. नाही जमलं, तर मी शाळेच्या कपाटात.

आता खरं बोलायचं तर त्या खेळाला मी नावं ठेवणार नाही. अहो, जे शिकायला जुन्या काळी दोन वर्षं आणि दोन डझन रट्टे लागायचे, ते उर्वी सहा आठवड्यांत खेळता खेळता शिकली. चष्मा कंटाळत नाही, ओरडत नाही, हात उगारत नाही. चुकलं की 'पुन्हा' म्हणतो, दहाव्यांदाही तितक्याच गोडीने. शाळेतून आली की मला खाटेखालून ओढायची, "चल गं म्हातारे, स्कोअर करू," आणि बसायची. पाचही भजनांना तीन-तीन चांदण्या. सिद्धांतची छाती फुगली.

पण त्या चष्म्याला दोन खोडी होत्या. तो बोटं बघायचा, ऐकायचा नाही. आणि त्याला फक्त उजवा हात दिसायचा. डावा हात मागे भात्यावर काय करतो, याचा त्याला पत्ताच नव्हता. माझा तर सगळा जीव त्या भात्यात! पोरगी भाता अशी हाणायची की मला धाप लागायची.

दत्तजयंतीच्या आधीच्या रविवारी सकाळी तालीम ठेवली. बुवा आले, पखवाजवाले आले, टाळकरी आले. अप्पांना उशा लावून बसवलं. उर्वीने चष्मा चढवला. भजन सुरू झालं आणि दोन ओळींत त्याचा विचका झाला.

बुवा पंचमावर टेकले की तिथे सूर नाही. तो मागाहून यायचा, लग्न आटोपल्यावर पाहुणा यावा तसा. ओळ संपल्यावर बुवा श्वास घ्यायला थांबायचे, तर उर्वी पुढच्या ओळीत पोचलेली. बुवा धावत गाठायचे, पुन्हा मागे पडायचे. तिसऱ्या कडव्याला त्यांना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी हात वर केला.

"अगो पोरी, वायच थांब. तू माका सोडून पळतंस."

"पण मी बरोबर वाजवलं!" उर्वीने चष्मा काढला. डोळे भरून आले होते. "बघा ना, तीन स्टार आलेत. एकही चूक नाहीये. बुवाआजोबा, तुम्हीच मागे राहता."

बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असात बाय, असात. म्हातारो झालंय मी. तू बरा वाजवतंस, पण माका जमणा नाय. दत्तजयंतीक त्या दादरवाल्याक सांगू आणि निरोप घेऊ." आणि ते काठी शोधायला लागले.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "नाय! नाय!"

अप्पा डावा हात हलवत होते. प्राचीने पाणी आणलं, त्यांनी ते सांडवलं. सिद्धांत म्हणाला, "अप्पा, बाथरूमला जायचंय का?" तर डोळे असे वटारले की तो दोन पावलं मागे गेला. उर्वीनेच ओळखलं. "पेटी पाहिजे त्यांना." तिने आणि बापाने मला उचलून खाटेवर ठेवलं, अप्पांच्या मांडीला लावून.

अप्पांचा डावा हात माझ्या भात्यावर आला. काय सांगू तुम्हाला! श्रावणानंतर पहिल्यांदा. उजवा हात गेला होता, पण भाता नेहमी डाव्यानेच चालतो, आणि तो डावा हात जसाच्या तसा होता. त्याने भाता असा हलकेच ओढला की माझी धापच थांबली. मग त्यांनी उर्वीकडे बघून हनुवटी हलवली. वाजव.

ती चष्म्याकडे वळली. "नाय," अप्पा म्हणाले. ती चष्म्याशिवाय वाजवायला लागली.

काळी पाच आली, सूर मागे पडला. अप्पांनी भाता तिच्या डाव्या हाताकडे दिला. तिचं बोट धरून त्याच पट्टीवर आणलं, दाबलं. पट्टी खाली गेली आणि मग, जरा वेळाने, सूर आला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. अप्पांनी तिचं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं डावं बोट त्या पट्टीवर ठेवलं. भाता उर्वीच्याच हातात. दाबलं. त्यांचं उजवं बोट जे पस्तीस-चाळीस वर्षं न सांगता सांभाळत होतं, ते या डाव्या बोटाला माहीत नव्हतं. त्यालाही सूर उशिरा मिळाला. त्यांनी पाच-सहा वेळा दाबून पाहिलं.

मग त्यांनी मान वर केली आणि सिद्धांतकडे पाहिलं. तीन महिन्यांत जो माणूस दोन शब्दांपलीकडे गेला नव्हता, तो म्हणाला,

"आंगण... वाकडा."

प्राची म्हणाली, "काय म्हणतात हो?" बुवांनाही कळलं नाही. सिद्धांतला कळलं. तो चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या दहा वर्षांच्या पोरासारखा हात शर्टाला पुसत खाली बसला.

अप्पांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "माजी... माजी..." पुढचा शब्द सापडेना. डोळ्यांतून धारा लागल्या.

"नाही अप्पा, नाही. माझीपण." सिद्धांतने बापाचा तो लुळा उजवा हात हातात घेतला. "मी काय केलं माहितीय? तुमचं वाजवणं मी सरळ केलं. या पट्टीवर तुम्ही आधी बोट टाकत होतात, मला वाटलं वय झालं. तुम्ही बुवांसाठी थांबत होतात, मला वाटलं ठेका सुटतोय. मी सगळं पुसलं. पोरगी जे शिकली ते तुमचं नव्हतंच."

"बाबा!" उर्वी म्हणाली. "म्हणजे मी दोन महिने चुकीचं शिकले?"

"हो गं."

"सॉलिड आहात तुम्ही," ती म्हणाली आणि रडता रडता हसली. बुवाही हसले, खोकले, आणि त्यांनी काठी परत भिंतीला टेकवली. बाप म्हणत होता माझी चूक, लेक म्हणत होता माझी, आणि मी बापडी मनात म्हणत होते, अरे बाबांनो, चूक माझी! पण मला कुणी विचारलं नाही.

सिद्धांतने त्याच दुपारी जुनं वाजवणं खेळात जसंच्या तसं परत घातलं. आता हिरवा हात काळी पाचवर आधी पडतो. उर्वीने चार दिवसांत बोट वळवून घेतलं. पण बुवांच्या श्वासाचं काय? तो काल होता तसा आज नसतो. तो कुठल्या खेळात भरणार? त्यासाठी रोज संध्याकाळी बुवा खाटेशी येऊन बसायचे. उर्वीची बोटं, अप्पांचा भाता. बुवांचा श्वास संपत आला की अप्पा भाता मंद करायचे, आणि सूर बारीक झाला की उर्वीला कळायचं, थांबायचं. अप्पांना जे तोंडाने सांगता येत नव्हतं ते सगळं त्यांनी हवेने सांगितलं. अहो, मला तर वाटतं त्यांनी तोंडाने इतकं चांगलं कधीच शिकवलं नसतं.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी अप्पांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. देवळासमोर सतरंजी, वर माझ्यासाठी खुर्चीच्या उंचीचं बाकडं, आणि बाकड्यामागे दोघं: उजवीकडे उर्वी, डावीकडे अप्पांची खुर्ची. एका पेटीला दोन वाजवणारे! चाळीतली माणसं कुजबुजली. एकीने विचारलं, "चष्मा कुठे गं?" उर्वी म्हणाली, "त्यात बुवाआजोबांचं तोंड दिसत नाही."

बुवांनी सूर लावला. पहिल्या अभंगाला पंचम आला आणि मी, अप्पांखेरीज कुणाकडे वेळेवर न बोललेली, ठेक्यावर बरोब्बर बोलले. बुवांनी डोळे मिटले. उबळ आली तेव्हा ते मध्येच थांबले. उर्वी थांबली नाही, पळालीही नाही. एकच सूर धरून राहिली आणि अप्पांनी त्याला हवा पुरवली. खोकला ओसरेपर्यंत तो सूर बुवांची वाट बघत उभा होता. बुवांनी पुढची ओळ उचलली तेव्हा पखवाजवाल्याने अशी थाप मारली की मी हादरले.

भैरवीला अप्पांचा हात दमला. मला आधी कळलं. भाता सुटला, सूर खाली बसायला लागला. तेवढ्यात उर्वीचा डावा हात मागे आला. हाणला नाही हो तिने भाता. ओढला, हलकेच, अगदी अप्पांसारखा. अप्पांनी हात मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत ते ऐकत बसले. हार घालायची वेळ आली तेव्हा शामराव बुवांनी स्वतःचा हार काढून माझ्यावर ठेवला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. झेंडूचा होता, दादरचा.

मंडळ बंद झालं नाही. मी शाळेच्या कपाटात गेले नाही. दर रविवारी चाळीतली आणखी तीन पोरं येतात, चष्म्यासाठी भांडतात, चांदण्या मिळवतात आणि मग अप्पांच्या खाटेशी बसून भात्यावर हात ठेवतात. खेळाने बोटं चालायला लागतात, पुढचं खाटेवर होतं. नवा खेळ का जुनी खाट, असं मला विचारू नका. मला दोन्ही लागतात.

आणि परवाची गोष्ट सांगते, मग भाता मिटते. दुपार होती. उर्वी शाळेत, प्राची बँकेत. सिद्धांत घरून काम करत होता. तो उठला, मला खाटेपाशी आणलं, आणि कुणी बघत नाही ना असं बघून चष्मा घातला. पहिलं भजन लावलं, सगळ्यात सोपं. अप्पा झोपले होते असं त्याला वाटलं. ते जागे होते. त्यांनी डावा हात लांब करून माझा भाता धरला.

चौतीस वर्षांनी सिद्धांतचं बोट माझ्यावर आलं. जाड झालंय, पण गोडी आहे तशीच. चष्म्यात त्याला बापाचा हिरवा हात दिसत असणार, इस्त्रीच्या सदऱ्याचा, नखं कापलेला. त्या हाताखाली त्याने बोट ठेवलं. काळी पाच आली. त्याने बोट किंचित आधी टाकलं आणि मी वेळेवर बोलले.

अप्पांनी भाता सोडला, डावा हात पुढे आणला आणि मुलाच्या त्या बोटांवर, जिथे एकदा फाडकन बसली होती, तिथे ठेवला. "हां," म्हणाले.

सिद्धांत आता म्हणतो, दादरच्या एका कारागिराकडे त्या मापाचा सूर मिळतोय, काळी पाच बदलून घेऊ. लेकरा, एवढं ऐक माझं. कपाळावरचा कागद राहू दे, हवे तितके थेंब पाड माझ्या अंगावर. पण तो सूर बदलू नकोस. जो कुणी माझ्यासमोर बसेल त्याला सांग, या पेटीची एक पट्टी उशिरा बोलते, तिच्यासाठी बोट जरा आधी टाक. आणि कुणी पोर म्हणालं की पट्टीच उशिरा वाजते, तर हात उचलायच्या आधी एकदा स्वतः दाबून बघ.